हुतात्मा की ‘कर्तव्यावर मृत्यू’? पोलीस लाइनीतल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीचं प्रकरण

विदर्भातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीची खिडकी माझ्याकडे आहे. वर्षाला हजाराच्या घरात अर्ज हाताखालून जातात. त्यातले बहुतेक विसरायलाच होतात, पण हा एक विसरले नाही. त्यात चूक माझीही होती, हे एक कारण. दुसरं असं की पोलिसांच्या पोरांसाठी नक्की काय आहे आणि काय नाही, हे मला इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसूनही धड ठाऊक नव्हतं. मुलीचं नाव, गाव, कॉलेज मुद्दाम लिहीत नाही.

२०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती. कित्येक ठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं, सरकारनं सुट्टीही २९ ला सरकवली. लोकांना बरं वाटलं. पोलिसांसाठी मात्र त्याचा अर्थ विसर्जनाच्या बंदोबस्ताला जोडून लगेच दुसरा बंदोबस्त, एवढाच होता. या मुलीचे वडील हवालदार, २००३ च्या भरतीतले. २८ च्या सकाळी पॉइंटवर उभे राहिले ते २९ च्या पहाटे चारपर्यंत तिथंच. शेवटचं मंडळ तलावाकडे गेलं तेव्हा ते बॅरिकेडला टेकून होते. सोबतच्या शिपायाला म्हणाले, “पाणी दे रे.” तो बाटली घेऊन येईस्तोवर ते खाली बसले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी कारण लिहिलं: तीव्र हृदयविकाराचा झटका.

मुलगी तेव्हा बारावीला होती. त्याच घरात, त्याच पोलीस लाइनीच्या दोन खोल्यांत राहून तिनं बोर्डात ७१ टक्के आणले, सीईटी दिली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडमधून आमच्याकडे इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला. खरं तर तिला फायर इंजिनिअरिंगला जायचं होतं, त्याबद्दल पुढे.

पहिला अर्ज

सप्टेंबरमध्ये ती आईला घेऊन खिडकीशी आली. हातात नेट कॅफेवाल्यानं काढलेलं एक प्रिंटआउट. “मॅडम, हे पीएम स्कॉलरशिपचं भरलं आहे. कॉलेजचं व्हेरिफिकेशन तेवढं करून द्या जी.”

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना जुनी आहे. तिचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. हा निधी १९६२ सालचा, लोकांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालणारा. आधी ही शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या, आसाम रायफल्स आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या पाल्यांना होती. राज्याचा पोलीस त्यात कुठंच नव्हता. गडचिरोलीत एकाच रस्त्यावर सीआरपीएफचा जवान आणि आपल्या राज्य पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाचा जवान मेला, तर पहिल्याच्या मुलाला ही शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याच्या मुलाला नाही, अशी परिस्थिती वर्षानुवर्षं होती. सी-६० हे दल १९९० पासून गडचिरोलीत लढतंय. २००९ या एकाच वर्षात मर्केगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून आपले जवळपास पन्नास पोलीस गेले.

३१ मे २०१९ ला, म्हणजे नव्या सरकारच्या शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, पंतप्रधानांनी जो पहिला निर्णय घेतला तो याच योजनेचा. मुलांची रक्कम महिना २,००० वरून २,५०० झाली, मुलींची २,२५० वरून ३,०००. आणि राज्य पोलिसांची मुलं पहिल्यांदा आत आली. त्यांच्यासाठी देशभरात मिळून दरवर्षी ५०० नव्या जागा. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, १ मे ला, महाराष्ट्र दिनीच, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला माओवाद्यांनी भूसुरुंग उडवला होता. शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक त्यात गेले. या दोन तारखांचा संबंध मी जोडत नाही, कारण तसं सांगणारा कागद माझ्याकडे नाही. पण आमच्या भागात हा निर्णय त्या स्फोटाच्या पार्श्वभूमीवरच वाचला गेला. आणि एक गोष्ट तेव्हाही खटकली होती: तो चालक पोलीस नव्हता, गाडी भाड्याची होती. योजनेचे शब्द पोलीस कर्मचाऱ्यांच्या पाल्यांपुरते आहेत.

शब्दांवर येते, कारण सगळं प्रकरण एका शब्दावर आहे. राज्य पोलिसांच्या पाल्यांसाठी अट अशी, की वडील किंवा आई दहशतवादी अथवा नक्षलवादी हल्ल्यात हुतात्मा झालेली असावी. बारावीला किमान ६० टक्के, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष, नूतनीकरणाला दरवर्षी ५० टक्के, या बाकीच्या अटी. त्या मुलीनं सगळ्या पार केल्या होत्या. पहिली राहिली.

नेट कॅफेवाल्याचा दोष मी फारसा काढणार नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर यादी उघडते, त्यात ‘पोलीस’ हा शब्द दिसला, त्यानं टिचकी मारली. दिवसाला पन्नास फॉर्म भरणारा माणूस तो. दोष आहे तो माझा. पोर्टलवर पहिली पडताळणी संस्थेची असते. माझ्यापुढे मृत्यूचा दाखला होता आणि वडिलांच्या कार्यालयाचं पत्र होतं: ‘कर्तव्यावर असताना दि. २९/०९/२०२३ रोजी मृत्यू’. ‘कर्तव्यावर’ हा शब्द मी वाचला आणि पुढे गेले. कॉलेजचा सरकारी नोंदणीचा एआयएसएचई कोड बरोबर, बोनाफाइड बरोबर, आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय. आम्ही खिडकीवाले एवढंच बघतो. नाव जुळतंय का. माणूस कसा गेला ते बघायची सवयच नाही.

२१ ऑक्टोबर

माझ्याआधी हे त्या मुलीच्या लक्षात आलं.

२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात सीआरपीएफचे दहा जवान गेले, त्याची आठवण. त्या दिवशी सकाळी प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात परेड होते, बंदुका उलट्या धरतात आणि मागच्या १ सप्टेंबरपासून या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावं वाचतात. यादी लांब असते. राज्यवार वाचतात.

तिची आई सकाळी सहाला उठून तयार झाली होती. लाइनीतल्या बायका सोबत होत्या. तारखेच्या हिशेबानं यांचं नाव याच वर्षीच्या यादीत यायला हवं होतं. महाराष्ट्राची नावं सुरू झाली तेव्हा आईनं पदर डोक्यावर घेतला. नावं संपली. पुढचं राज्य सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मुलगी एकटीच खिडकीशी आली. “मॅडम, काल परेडला बाबांचं नाव नाही घेतलं. मग तो फॉर्म चालेल का?”

खरं तर त्याच क्षणी मी योजनेचा कागद काढून वाचायला हवा होता. पीडीएफ माझ्याच कॉम्प्युटरवर होती. मी म्हटलं, “अगं, परेडचं वेगळं, स्कॉलरशिपचं वेगळं. फॉर्म पुढे गेला आहे, थांब.” वर आणखी एक सल्ला दिला, तो त्याहून महाग पडला. दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकत्र घेतल्या तर एक परत करावी लागते, या धास्तीनं मी तिला महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा शुल्कमाफीचा अर्ज जरा थांबवून ठेवायला सांगितलं. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा निकाल लागू दे, मग बघू.

जानेवारीत पोलीस खात्याच्या पडताळणीवरून अर्ज परत आला. कारण एका ओळीत: मृत्यू दहशतवादी/नक्षल हल्ल्यात नाही, योजनेच्या निकषात बसत नाही. ज्यानं तो नाकारला त्यानं नियमानंच नाकारला, त्याच्यावर माझा काही रोष नाही.

पण नियमावर आहे. दहशतवाद्याच्या गोळीनं मेला तो हुतात्मा, हे कुणीच नाकारणार नाही. ५०० जागा देशभरासाठी आहेत, त्यांचा पहिला हक्क त्या मुलांचाच. माझं म्हणणं एवढंच, की त्या रांगेच्या मागे दुसरी रांगच नाही. ट्रकनं उडवलेला वाहतूक शिपाई, पुरात होडी उलटून गेलेला, कोरोनात नाकाबंदीवर उभा राहून गेलेला, वीस तास बंदोबस्त करून छातीत कळ येऊन गेलेला. यांची मुलं बारावीला ९० टक्के आणोत की ६०, त्या फॉर्मपुरती ती नाहीतच. कोरोनाच्या वेळी राज्यानं अशा कुटुंबांना ५० लाखांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं, तेव्हा ‘कर्तव्यावर मृत्यू’ हा शब्द पैशाच्या लायकीचा आहे हे सरकारनंच मान्य केलं होतं. शिष्यवृत्तीत तो शब्द अजून पोचला नाही.

जी रजा मिळाली नाही, तिचे पैसे

आता खरा गुंता. शुल्कमाफी.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं राज्यात इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी हे पन्नास टक्के होतं. अट एकच मोठी: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. मुलगी इतर मागास वर्गातली, कॅपमधून आलेली. तिला पोलीसकन्या म्हणून काही मागायची गरजच नव्हती. ही सवलत तिला मुलगी म्हणूनच होती. आणि रकमेनं पंतप्रधान शिष्यवृत्तीच्या तिप्पट होती. मी मात्र तिला वर्षाच्या ३६,००० साठी थांबवून ठेवलं होतं.

प्रवेशाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला हातात नव्हता, म्हणून कॉलेजनं पहिला हप्ता भरून घेतला होता. तीस हजार. तो आईनं कुठून भरला, ते मला जानेवारीनंतर कळलं.

जानेवारीत आम्ही महाडीबीटीकडे वळलो. सुदैवानं तिथली शेवटची तारीख, दरवर्षीप्रमाणे, पुढे सरकली होती. उत्पन्नाचा दाखला काढायला आई तहसीलला गेली. २०२४-२५ साठी आधीच्या आर्थिक वर्षाचं, २०२३-२४ चं उत्पन्न लागतं. तलाठ्यानं विचारलं, वडिलांच्या कार्यालयातून वर्षभरात काय काय मिळालं त्याचं पत्र आणा. आईनं आणलं. दाखला आला: नऊ लाख सदतीस हजार.

आई तो घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. घरात कमावणारं कुणी नाही, कुटुंब निवृत्तिवेतन तोवर सुरूही झालं नव्हतं, आणि उत्पन्न नऊ लाख? मग पत्र उलगडून बसलो. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचा पगार, तीन लाख सत्तर हजारांच्या आसपास. त्याखाली दुसरी ओळ: अर्जित रजेचं रोखीकरण, २७६ दिवस, पाच लाख सदुसष्ट हजार.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी नोकराच्या खात्यावर अर्जित रजा साठते, ३०० दिवसांपर्यंत. नोकरीत असताना माणूस गेला तर शिल्लक रजेचे पैसे वारसांना देतात. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले तीस, गुणिले दिवस. शाळामास्तरच्या खात्यावर सहसा एवढी रजा राहत नाही. पोलिसाच्या राहते. गणपती, दुर्गा, निवडणूक, अधिवेशन, मंत्र्याचा दौरा. रजेचा अर्ज टाकायचा आणि साहेबानं ‘बंदोबस्तानंतर’ म्हणायचं. या माणसानं वीस वर्षांत जी रजा मागितली आणि मिळाली नाही, तिचे दिवस होते ते २७६. त्यातलेच तीस हजार आमच्या कॉलेजात पहिला हप्ता म्हणून आले होते. आणि तेच पैसे ‘उत्पन्न’ म्हणून धरले गेल्यामुळे मुलगी ८ लाखांच्या वर गेली.

आई पत्रावर बोट ठेवून म्हणाली, “पोरीच्या बारशाला पण नव्हते आले हे. तेव्हाची पण असन यात.”

गंमत अशी, की त्याच मुलीचं इतर मागास वर्गाच्या सवलतींसाठी लागणारं नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र अगदी सुरळीत निघालं होतं. तिथं पगाराचं उत्पन्न धरतच नाहीत. एकाच तहसीलमध्ये, शेजारशेजारच्या दोन टेबलांवर, एकाच घराचं उत्पन्न एका कागदावर शून्याच्या जवळ आणि दुसऱ्या कागदावर नऊ लाख. दोन्ही आपापल्या नियमानं.

काय केलं

मी कॉलेजतर्फे एक पत्र दिलं. त्यानं काही झालं नाही. जे झालं ते पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या कल्याण शाखेतल्या एका जुन्या हवालदारामुळे. आई त्यांना भाऊ म्हणते. भाऊंनी दोन कागद तयार करून घेतले. एक, कार्यालयाचं स्पष्टीकरण, की रजा रोखीकरण ही मृत्यूमुळे वारसांना एकदाच दिलेली रक्कम आहे, नियमित वेतन नाही. दोन, निवृत्तिवेतन प्रदान आदेशाची प्रत, ज्यावर पुढचं उत्पन्न किती हे लिहिलेलं आहे. वडील १ नोव्हेंबर २००५ च्या आधी भरती झालेले, म्हणून जुनी पेन्शन लागू. शेवटचा मूळ पगार ४२,२००, त्याचा निम्मा २१,१०० आणि त्यावर महागाई भत्ता. महिना बत्तीस हजारांच्या आसपास. २००५ च्या नंतरचा असता तर कागदांचा हा भाग वेगळाच आणि बराच अवघड झाला असता.

हे दोन कागद आणि शपथपत्र घेऊन आई, मुलगी आणि भाऊ नायब तहसीलदारांपुढे उभे राहिले. तिसऱ्या खेपेला भेट झाली. त्यांनी दोन मिनिटं वाचलं, खाली मान घालूनच तलाठ्याला हाक मारली, “हे कशाला धरलं?” तलाठी म्हणाला, “पत्रात होतं साहेब.” चार दिवसांनी सुधारित दाखला मिळाला.

महाडीबीटीचा अर्ज मुदतीच्या आत तीन दिवस राहिले असताना गेला. शिक्षण शुल्क माफ झालं, भरलेला हप्ता पुढे परत मिळाला. तो परत मिळवायला किती अर्ज लागले ते इथं सांगत नाही, मी त्याच कॉलेजात नोकरी करते.

मग ग्रॅच्युइटी आली. बारा लाखांच्या जवळ, पुढच्या आर्थिक वर्षात. पहिला दाखला तसाच राहिला असता तर दुसऱ्या वर्षी हीदेखील उत्पन्नात धरून मोकळे झाले असते. पण फाइलीत आता नायब तहसीलदारांचा शेरा होता. दुसऱ्या वर्षीचा दाखला एका फेरीत निघाला.

जे माफीत येत नाही

शंभर टक्के माफी म्हटलं की लोकांना वाटतं शिक्षण फुकट झालं. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क राहतं. वसतिगृह राहतं. मेस राहते, आमच्या गावात महिना तीन हजारांच्या खाली नाही. लॅपटॉप, ड्रॉइंगचं सामान, घरी यायचं एसटीचं तिकीट. पंतप्रधान शिष्यवृत्तीचे महिना ३,००० म्हणजे बरोबर मेसचं बिल. म्हणून मला वाटतं, या दोन योजना एकमेकींच्या जागी नाहीत. एक कॉलेजच्या खात्यात जाते आणि दुसरी पोरीच्या पोटात. याआधी एकदा नक्षल चकमकीत गेलेल्या पोलिसाच्या मुलीचा अर्ज माझ्या हातून मंजूर होऊन गेला होता. तिनं चार वर्षं घरून एक पैसा मागवला नाही. चार वर्षांचे एक लाख चव्वेचाळीस हजार, आणि दरवर्षी ५० टक्क्यांच्या खाली जायचं नाही ही टांगती तलवार. तिचा नंबर नेहमी वर्गात पहिल्या दहात असायचा.

इथं भाऊंनीच पोलीस कल्याण निधीची आठवण दिली. हा निधी खात्याचा स्वतःचा, प्रत्येक पोलिसाच्या पगारातून त्याच्यासाठी थोडी कपात होते. त्यातून पाल्यांच्या उच्च शिक्षणाला मदत मिळते, आणि तिथं मृत्यू कसा झाला हा प्रश्न नाही. मृत्यू झालाच पाहिजे असंही नाही. वडिलांनी वीस वर्षं त्यात पैसे भरले होते. घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता, पगारपत्रकावरची ती बारीक ओळ कुणी कधी वाचलीच नव्हती. वडील शेवटी ज्या पोलीस घटकात नोकरीला होते, तिथूनच अर्ज जातो. त्या पैशांत लॅपटॉपचा निम्मा खर्च निघाला. मला राग आला तो याचा, की ही मदत सगळ्यात जवळ होती आणि सगळ्यात शेवटी कळली. गेलेल्या पोलिसाच्या घरी पेन्शनची फाइल घेऊन माणूस येतो. त्याच फाइलीत या एका कागदाची भर घालायला कुणाची परवानगी लागते?

फायर इंजिनिअरिंग

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिला विचारलं, फायरला का नाही गेलीस. आमच्या भागातल्या मुलांना हे माहीत असतं, कारण राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे. १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि वर्षभरात नागपूरला आलं. हर्षिनी कान्हेकर तिथंच शिकून देशातली पहिली महिला अग्निशामक झाली, ती नागपूरचीच. तिची मुलाखत या मुलीनं आठवीत असताना मोबाइलवर पाहिली होती. वडील म्हणाले होते, वर्दी पाहिजे ना, मग आगीची घे, आमची नको.

“मग?” मी विचारलं.

“घरात तेव्हा वर्दी म्हटलं की आई उठून आत जायची. नाही भरला फॉर्म.”

यावर शिष्यवृत्तीवालीनं काय बोलायचं. पण एक गोष्ट मनात राहिली. आपल्याकडे पोलिसांच्या पोरांसाठी जे काही आहे ते बाप काय होता आणि कसा गेला यावर ठरतं. पोरगी उद्या काय होऊ पाहते, आगीच्या गाडीवर चढणार, फॉरेन्सिकच्या प्रयोगशाळेत बसणार की आपत्ती निवारणात जाणार, यावर पैसे देणारी सोय शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. जे लागतं ते भरतीपूर्व प्रशिक्षणाचं विद्यावेतन. महाज्योती, बार्टी यांसारख्या संस्था पोलीस भरतीच्या तयारीला मुलांना घेतात, शिकवतात, दरमहा थोडे पैसे देतात. तेवढीच एक सोय पुढे बघणारी. पण ती शिपाई होण्यापर्यंत. अग्निशमन अभियंता होण्यासाठी नाही.

मुलीचा धाकटा भाऊ सध्या त्याच भरतीच्या वाटेला आहे. बारावी झाली, महाज्योतीला अर्ज केला आहे, पहाटे मुख्यालयाच्या मैदानावर पळतो. सोळाशे मीटर, वीस गुण; शंभर मीटर, पंधरा; गोळाफेक, पंधरा. त्या पन्नासावर तो मेहनत घेतो आहे, लेखीच्या शंभरात गणित कच्चं आहे. पोलीस भरतीत पोलीस पाल्यांना तीन टक्के समांतर आरक्षण आहे. अनुकंपा नोकरीचा अर्जही टाकून ठेवला आहे, आईच्या नावानं, पण त्या यादीत वर किती जण आहेत हे विचारायला ती आता जात नाही.

मागच्या सोमवारी आई खिडकीशी आली, मुलीच्या नूतनीकरणाचे कागद द्यायला. जाता जाता परत वळली.

“मॅडम, त्याच्या भरतीच्या फॉर्मला ते पोलीस पाल्य लिहिलं आहे. तिथं पण विचारतात का, कसे गेले म्हणून?”

“नाही. तिथं नाही विचारत.”

“बरं,” ती म्हणाली. कार्यालयाचं प्रमाणपत्र मात्र लागतं. ते आणायला बुधवारी भाऊंकडे जाणार होती.